अर्धं गाऱ्हाणं

रत्नागिरी स्टँडवरून पावसकडे निघालेल्या एसटीत कंडक्टरने गुरुप्रसाद शिवलकरच्या हातात दोन तिकिटं ठेवली, तेव्हा त्याला आधी राग आला. भीती बरीच नंतर वाटली. मध्यमवर्गीय माणसाचा क्रमच असा असतो. तो आधी चिडतो, मग तक्रार कुठे नोंदवायची ते विचारतो, आणि दोन्ही करून काही झालं नाही की सवडीने घाबरतो.

"एकच द्या. एकटा आहे मी."

"आनि हे?" कंडक्टरने हनुवटीनेच शेजारची रिकामी सीट दाखवली.

"मृदंग मी मांडीवर घेतलाय."

"मृदंगाचं कोन बोलतंय? तुमच्या मागनं चढले ते. घोंगडीवाले." एवढं बोलून कंडक्टर पुढे सरकला. गाडी खचाखच भरलेली होती, दांड्याला माणसं लोंबकळत होती, पण त्या सीटवर कोणी बसेना. मासे विकून परत निघालेली एक म्हातारी पाटी सांभाळत उभी होती. गुरुप्रसादने तिला "बसा ना मावशी" म्हटलं, तर तिने सीटकडे एकदा पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि "नको रे बाबा, मी उभीच बरी" म्हणून तोंड फिरवलं.

गुरुप्रसाद स्वतंत्र संगीतकार होता. हे वाडीत समजावून सांगता सांगता त्याची दहा वर्षं गेली होती. सिनेमाला संगीत देत नाही, कुठल्या कंपनीत नाही, कोणाच्या साथीला बसत नाही, असं सगळं सांगून झालं की समोरचा आपुलकीने विचारायचा, "मग करतंस काय?" तो मृदंग वाजवायचा, मृदंगाच्या आवाजाचे तुकडे लॅपटॉपवर एकावर एक रचायचा, आणि मधून मधून रेकॉर्ड केलेले गावाकडचे आवाज सोडायचा. आत्ताच तो कॅनडात चौदा कार्यक्रम करून आला होता. स्वतंत्र असल्यामुळे तिथे हमाल, ड्रायव्हर, मॅनेजर आणि कलाकार अशी चारही माणसं तोच होता. तरी प्रत्येक ठिकाणी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि अशा माणसाशी एसटीत कंडक्टरने हुज्जत घालावी ही गोष्ट त्याच्या फार मनाला लागली.

उभं राहून टाळ्या मिळायच्या त्या शेवटच्या आयटमला. तो आयटम म्हणजे गाऱ्हाणं, देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. तो निघाला त्या दिवशी वाडीची गाऱ्हाणी घालणाऱ्या सखातात्यांनी त्याच्यासाठी राखणदाराला गाऱ्हाणं घातलं होतं. वाडीचा राखणदार सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला, दगड रचून केलेल्या गडग्याच्या आत, ऐनाच्या झाडाखाली असतो. देऊळ नाही, मूर्ती नाही. एक दगड आणि त्याच्यापुढे वहाणांचा जोड. राखणदार हद्दीवरून फिरतो म्हणून दर दसऱ्याला त्याला नव्या वहाणा ठेवतात. वर्षभरात त्या झिजतात. कशा झिजतात हे विचारण्याची पद्धत नाही.

तात्या खणखणीत आवाजात एक एक वाक्य सोडत होते आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार भरत होती. गुरुप्रसादने हात जोडायच्या ऐवजी फोन पुढे धरला होता. शब्दांकडे त्याचं लक्ष नव्हतं. लय मात्र त्याला फार आवडली. ती त्याने मृदंगावर चढवली आणि कॅनडातल्या लोकांना "व्हय म्हाराजा" म्हणायला शिकवलं. तीनतीनशे माणसं बर्फाच्या देशात गळा ताणून होकार भरायची. तात्यांनी शेवटच्या चार ओळी भलत्याच संथ म्हटल्या होत्या आणि त्या काही केल्या तालात बसत नव्हत्या, म्हणून गुरुप्रसादने त्या कापल्या, शेपूट तोंडाला जोडलं, आणि गाऱ्हाणं गोल फिरत ठेवलं. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

आता मागे वळून पाहिलं तर लक्षात येण्यासारख्या गोष्टी तिकडेही झाल्या होत्या. हॉटेलवाले त्याला न मागता दोन किल्ल्या द्यायचे. एका ठिकाणी स्टेजवर त्याच्या मागे दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती. परदेशातली माणसं किती अगत्याची असतात, असं त्याने घरी मेसेजमध्ये लिहिलं होतं.

घरी आईने दारापुढच्या खळ्यात पाय धुवायला दोन तांबे भरून ठेवले.

"दुसरा कोणाला?"

"हळू बोल. पाहुन्यासमोर असं विचारतात?" आई कुजबुजली आणि त्याच्या खांद्यावरून मागे पाहू लागली. बघता बघता तिचा चेहरा उतरला. "आत्ता तर होते. खळ्यात नाय आले वाटतं, गडग्याभायरच थांबले." मग तिने त्याला आत घेतलं, पाण्याचा दुसरा तांबा तसाच उचलून गडग्याजवळ नेऊन ठेवला, आणि हात जोडून आली. बाहेर वाडीतली कुत्री एकामागून एक उठून उभी राहिली होती. एकही भुंकत नव्हतं.

"सखातात्यांना भेटून ये," आई म्हणाली. "त्यांची वाचा गेलीय. तुला तिकडं घोर नको म्हनून कळवलं नाय."

वाचा गेलीय हे ऐकून गुरुप्रसाद चहा न घेताच निघाला. मृदंगावर पहिली थाप त्याला तात्यांनी शिकवली होती. त्याच्या बापाच्या पश्चात शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून सही त्यांचीच होती. आणि दोन महिन्यांत त्याने त्यांना एकदाही फोन केला नव्हता.

तात्या ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. त्याला पाहून त्यांचे डोळे भरले, ओठ हलले, आणि आवाज काही फुटला नाही. त्यांच्या पत्नी कमळाकाकी आतून पेजेची वाटी घेऊन आल्या.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर हितंच आनला. म्हनतो, सगळं नीट हाय. रत्नागिरीला मशिनीत घालून बघूया म्हनून रिक्षा आनली, तर ह्यो हद्दीच्या गडग्याशी दगडाला धरून बसला. जामीन हद्द सोडत नाय."

"कसला जामीन?"

काकींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला चौथीत नापास झाल्यासारखं वाटलं. "गाऱ्हाणं कोनाचं घातलं होतं? तुजंच ना? घालणारा जामीन ऱ्हातो. गेलेला परत येईस्तोवर तो हद्दीभायर पाऊल टाकत नाय."

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. त्यावर दुधाच्या खुणांशेजारी काही तारखांवर फुली मारलेली होती. त्या त्या दिवशी पहाटे तात्या अंथरुणात ताठ उठून बसत, तासभर ओठ हलवत, आणि मग घामाने निथळून आडवे होत. पहिल्या फुलीच्या दिवशीच वाचा गेली. गुरुप्रसादने फोनमध्ये आपल्या कार्यक्रमांच्या तारखा काढल्या. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची दुसऱ्या दिवसाची पहाट, हा हिशेब त्याने दोनदा बोटांवर करून पाहिला. चौदा फुल्या होत्या आणि चौदा कार्यक्रम. एकही तारीख चुकली नव्हती.

त्याने फोनवर तो आयटम लावला. "बा देवा राखणदारा, म्हाराजा!" तात्यांचा दोन महिन्यांपूर्वीचा आवाज ओटीवर घुमला, आणि समोर बसलेल्या तात्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलू लागले, शब्दाला शब्द, श्वासाला श्वास. "ह्यो तुजा लेकरू समुंदरापलीकडं चाल्लाय. त्याच्या पाठी उबा ऱ्हा. तो येईस्तोवर मी हद्द सोडनार नाय." जोड दिलेल्या जागी रेकॉर्डिंग उडी मारून पहिल्या ओळीवर गेलं. तात्यांचे ओठ तिथे अडखळले, उघडेच राहिले, आणि डोळ्यांत धाप लागल्यासारखी भीती दाटून ते पुन्हा पहिल्या ओळीवर आले. गुरुप्रसादने झटकन फोन बंद केला.

"शेवट कुठं हाय?" काकींनी विचारलं.

"तो... तालात बसत नव्हता, काकी."

काकींनी पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हितं ह्याने पुरं घातलं. तिकडं तू अर्धं घातलंस, चौदा वेळा. शेवट केल्याबिगर गाऱ्हाणं सुटत नाय. बोलणाऱ्याची वाचा त्यात अडकून ऱ्हाते, आनि ज्याला बोलावलं तो तुज्या पाठी उबा तो उबाच. जा आता. त्याला जाग्यावर ने आनि आलो म्हनून सांग. आलेल्याने सांगायला लागतं, मग शेवट ह्यो करील."

काम एवढंच होतं. सड्यावर जायचं आणि दोन शब्द बोलायचे. ऐकायला अर्ध्या तासाचं वाटत होतं. पण अर्ध्या तासाच्या कामाला वाडीत समिती आहे.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे झाली होती. राखणदार जाग्यावर नाही याचा संशय लोकांना होताच. आजवर हद्दीच्या आत न आलेली माकडं ह्या वर्षी कलमांवर नाचत होती, रानडुकरं अंगणापर्यंत येत होती, आणि सोनूबाई भर सकाळी स्वतःच्याच बागेत वाट चुकून तीन तास फिरत राहिली होती. आता कारण कळल्यावर जो तो सल्ला द्यायला आला. धाकूभाऊंचं मत होतं की रेकॉर्डिंग उलटं वाजवावं, म्हणजे राखणदार आल्या वाटेने जाईल. शाळेतल्या श्रद्धाबाईंनी सांगितलं की पुसलेली फाइल परत काढता येते. गुरुप्रसादने मुंबईच्या ओमकार नावाच्या मित्राकडून ती काढवूनही घेतली. चाळीस सेकंदांच्या त्या तुकड्यात एकही शब्द नव्हता. कातळावर वहाणांची करकर होती आणि काठीची ठकठक, आधी लांब आणि मग अगदी माइकजवळ. ओमकारने खाली लिहिलं होतं, "मस्त आहे. कोण आहे हा?"

देवस्थान समितीचे सचिव रावजी नागवेकर सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निदान पगार थांबला होता. त्यांनी गुरुप्रसादकडून अर्ज लिहून घेतला. विषय: राखणदारास मूळ जागी परत बसवणेबाबत.

"हद्दीबाहेर नेताना समितीची ना हरकत घेतली होतीत?"

"मी नेला नाही हो. तो आला."

"म्हणजे तुम्ही अडवलं नाहीत. तसं लिहा. येताना स्वखुशीने आला की तुमच्या सांगण्यावरून?"

"मला कसं कळणार? मला तो दिसतच नाही!"

"दिसत नसलेल्या व्यक्तीबद्दल अर्ज करताय," रावजी खेदाने म्हणाले, "मी आपला नियम सांगतो. राग मानू नका." चौदा शहरांत ज्याच्यासाठी लोक उभे राहिले त्याला इथे स्टुलावर बसवून शुद्धलेखन तपासलं जात होतं. तेवढ्यात रावजींची सून नम्रता चहाचे तीन कप ठेवून गेली. दोघांनी दोन उचलले. अर्जावर तिसरी दुरुस्ती होईपर्यंत कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मग रावजींची नजर ट्रेवर गेली. तिसरा कप रिकामा होता, आणि बशीत सांडलेलासुद्धा पिऊन टाकलेला होता. रावजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि अर्जावर "तातडीचे" असा शेरा मारून खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बारा वाजता सगळे सड्यावर जमले. ऊन असं होतं की कातळावर पाय ठरत नव्हता. तात्यांना प्लास्टिकच्या खुर्चीतून उचलून आणलं होतं. बायका एरवी गडग्याच्या आत जात नाहीत, पण कमळाकाकी सरळ आत जाऊन तात्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, आणि त्यांना नियम सांगायची हिंमत रावजींनाही झाली नाही.

दगडापुढच्या वहाणा धाकूभाऊंनी उचलून पाहिल्या. गुरुप्रसाद कॅनडात असतानाच दसऱ्याला ठेवलेला तो नवाकोरा जोड महिन्याभरात पार झिजला होता. उजव्या वहाणेच्या तळाला गुलाबी रंगाचं काहीतरी वाळून चिकटलं होतं. धाकूभाऊंनी ते नखाने खरवडलं आणि नाकाशी नेलं.

"च्युइंगम हाय," ते म्हणाले. कोणी हसलं नाही.

गुरुप्रसाद पुढे झाला. मानेवर कोणाचा तरी संथ श्वास लागत होता; तो आता वळून बघत नव्हता. "मी आलो," तो म्हणाला. सवयीने आवाज माइकवर लावतात तसा लागला. काही झालं नाही.

"पूर्ण नाव घ्या," रावजींनी सुचवलं. त्याने पूर्ण नाव घेतलं, मुक्काम सांगितला, तालुका, जिल्हा सांगितला. ऐनाचं पानसुद्धा हललं नाही. तात्या आ वासून त्याच्याकडे बघत होते.

"खरं बोल, गुरू," कमळाकाकी म्हणाल्या. "त्याला खोटं चालत नाय."

"खोटं काय त्यात? इथे उभा आहे ना मी!"

"तुजी आयस सांगत होती, बॅग उघडली नायस अजून. आल्यापासनं दारातच उबी हाय ती."

गुरुप्रसादने आईकडे पाहिलं. आई गडग्यापलीकडे उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. खिशातल्या फोनमध्ये त्याला आलेलं पत्र होतं. टोरांटोत दोन वर्षं राहायचं, वाजवायचं, शिकवायचं. वीस तारखेचं विमान. त्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी सांगू, असं ठरवलं होतं, कारण तेव्हा रडायला वेळ कमी मिळतो.

"मी आलो नाही, तात्या," तो म्हणाला, आणि ह्या वेळी आवाज कुठेच लागला नाही, नुसता बाहेर पडला. "टेकलोय फक्त. वीस तारखेला जाणार आहे, दोन वर्षांसाठी. सांगायचं धाडस नव्हतं. आणि फोन केला नाही, कारण रोज तुमचा आवाज ऐकत होतो. मला वाटायचं, बोलणं होतंच आहे आपलं. तुम्ही इथे काय भोगताय ते मी एकदा विचारलं नाही. चुकलो मी."

तात्यांचे ओठ हलू लागले. पहिल्या ओळीपासून, नेहमीसारखे. कापलेल्या जागी ओठ अडखळले, थरथरले, आणि मग घशातून गंजलेल्या कडीसारखा एक आवाज निघाला.

"...गेलेला येईस्तोवर सांभाळ, म्हाराजा. आला की ज्याचं त्याला दे. बोललेलं पुरं झालं. तू तुज्या जागी, आमी आमच्या जागी."

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली. गुरुप्रसादच्या मानेवरचा श्वास थांबला. काठीची ठकठक त्याच्या बाजूने पुढे गेली, गडग्याच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारून आली, आणि ऐनाखाली थांबली.

"मुडद्या," तात्या म्हणाले. दोन महिन्यांतला हा त्यांचा पहिला स्वतःचा शब्द. "एवढा मोटा झालास आनि शेवट कापतंस?"

माणसं एकदम हसली, नुसत्या सुटकेने. कोणी डोळे पुसले. रावजींनी वहीत "वाचा प्राप्त, दुपारी १२.२०" अशी नोंद केली. तात्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"वीस तारखेला खुशाल जा. पन माजं निघणं त्याच्या आदी हाय."

"तुम्ही कुठे निघालात?"

कमळाकाकी तात्यांच्या खांद्यावरचा पंचा नीट करत होत्या. तो नीटच होता, तरी करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, तेव्हा गुरुप्रसादला कळलं.

"लांबचं हाय," तात्या हळूच म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी घातली मी. माजं कोन घालील? तू घाल. जामीन ऱ्हा माजा. नको असंल तर नाय बोल, मी रागावनार नाय. तरी जानारच हाय."

तात्यांचा मुलगा मुंबईत असतो, गाऱ्हाण्याचा मान त्याचा, असं सांगायला रावजींनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गेलेला येईस्तोवर जामीन हद्द सोडत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तात्या जिथे चालले होते तिथून कोणी परत येत नाही, हेही ठाऊक होतं. गडग्यापलीकडून आई त्याच्याकडे बघत होती, आणि तिने हो किंवा नाही, काहीच खुणावलं नाही.

गुरुप्रसादने खिशातला फोन काढला, बंद केला आणि खाली कातळावर ठेवला. "मला शब्द येत नाहीत, तात्या."

"सांगतंय मी. घाई करू नको."

तात्या एक एक ओळ सांगत गेले आणि तो ती पाठ करत गेला, शेवटच्या चार संथ ओळींसकट. मग त्याने हात जोडले.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हा आमचा सखाराम लांब चाललाय. त्याच्या पाठी उभा राहा."

"व्हय म्हाराजा!"

पुढची ओळ जामिनाची होती. तात्या डोळे मिटून ऐकत बसले होते.

"तो परत येईस्तोवर," गुरुप्रसाद म्हणाला, "मी हद्द सोडणार नाही."

वाडीतल्या माणसांना होकार भरायचं धाडस झालं नाही. होकार आला तो ऐनाच्या झाडाखालून, जिथे कोणीच उभं नव्हतं.